रद्द

एकोणीस वर्षं टायमकीपर.
येणाऱ्या गाड्यांच्या वेळा लिहिणं, एवढंच काम.
आता रेल्वेवरचा जुना पूल उतरवायला घेतलाय,
सोलापूर मधोमध उसवलंय,
आणि रोज सकाळी साडेसहाला
पत्र्याच्या केबिनबाहेरच्या फळ्यावर
मी न येणाऱ्या गाड्या लिहितो.
कुंभारी, रद्द.
विडी घरकुल, रद्द.
एमआयडीसी, फक्त पुलापर्यंत.
पूर्वी एक खडू महिनाभर पुरायचा,
आता दोन दिवस.

लोक फळा वाचतात
आणि वाचून झाल्यावर मलाच विचारतात,
खडूचं खोटं असेल,
तोंडाचं तरी खरं निघेल म्हणून.
मग सांगतो ज्याला त्याच्या भाषेत.
बस येत नाही, मावशी.
बस नै आती, चाचा.
बस बरल्लरी, अज्जा.
बस्सु रादु, अम्मा.

दिवसातून शंभरदा म्हणून म्हणून कळलं,
मराठीत ‘नाही’ सगळ्यात शेवटी येतं,
तोवर माणूस आशेवर असतो.
दखनीत ते आधीच येऊन वाट अडवतं.
कानडीत येण्याच्या शेपटीला चिकटलेलं.
तेलुगूत तर वेगळं काढताच येत नाही,
येणं आणि न येणं एकाच घासात.
तेलुगूत सांगितलं की बायका
पुन्हा विचारत नाहीत,
पदर खोचतात, चालू लागतात.

बालामणी चिप्पा चालली नाही.
डोक्यावर टोपली, टोपलीत हजार विड्या,
गुडघ्याला दवाखान्याचा पट्टा,
आणि कारखान्याची खिडकी अकराला बंद.
म्हणाली, मी येतो, पाय रादु.

ऊन बेचाळीसचं.
केबिन सोडायची नाही, हा नियम
माझ्याच अक्षरात आत भिंतीवर लावलाय.
मी टोपली उचलली.

रुळांखालच्या भुयारातून
चादरींचे गठ्ठे लादलेली सायकल,
उलट्या दिशेने घुसलेल्या दोन स्कूटी,
नळी लावलेल्या पेशंटला खुर्चीसकट उचललेले दोघे,
आणि कुठून झिरपतं देव जाणे, घोटाभर पाणी.
वर पूल फोडणारी मशीन.
दर ठोक्याला छतातून मातीची चिमूट.
मागून बालामणीचा आवाज,
मान हलवू नको रे, छाट निघतंय.
हजारात तीस असंच काढून टाकतेत,
आज तुझ्या चालण्याचं दहा जास्ती जाणार.
मी मान धरून चाललो,
लग्नात नवरदेव चालतो तसा.
ती हसली की रडली, मागे बघता आलं नाही.

पलीकडे मौलाली उभा.
आमच्याच डेपोचा, पण दीड महिना
त्याची गाडी पलीकडेच अडकलेली,
तिथेच धुतो, तिथेच जेवतो,
रात्री शेवटच्या बाकावर झोपतो.
मला पाहून उगाच हॉर्न दिला.
बालामणीला पुढची सीट दिली,
टोपली तिच्या मांडीवर, टोपलीवर तिचे दोन्ही हात.
टाइम टाक की साहेब, तो म्हणाला.
वही केबिनमध्ये, पेन केबिनमध्ये.
खिशात खडू होता.
गाडीच्या दारावरच लिहिलं,
दहा चाळीस.
कितीतरी दिवसांनी एक सुटलेली वेळ.

परतलो तर केबिनमधला फोन वाजून वाजून गप्प झालेला.
पाण्याच्या पिशव्या विकणारा शरणू
माझ्या स्टुलावर, पाय हलवत.
फळ्यावर, शेवटच्या रद्दखाली
त्याचं वाकडं अक्षर,
‘टाईमकिपर गेलेत. येणार.’

रजिस्टरात कारण लिहावं लागतं.
मी लिहिलं, पाऊण तास, विड्या.
त्यावर वरून काय शेरा येईल तो येवो.

संध्याकाळी सगळा फळा पुसला,
ती एक ओळ राहू दिली.
दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी
चष्मा सारून, बोट ठेवून ती वाचली
आणि वळून मलाच विचारलं,
येणार म्हणजे, किती वाजता?