पोटखराबा

आमच्याकडे समुद्र नाही.
धरण भरलं की पलीकडची थडी दिसत नाही,
तेवढ्यावर आम्ही नाथसागर म्हणतो
आणि भागवतो.

एकोणीस वर्षं मी इथला तलाठी.
पाणी ओसरलं की उघडी पडणारी जमीन
साखळीनं मोजून लिहायचो : गाळपेर.
आणि गाळपेरीलाही न येणारी जी उरायची,
खडे, चिखल, लव्हाळं, पाणकणीस,
तिच्यासाठी शब्द एकच
पोटखराबा.
आकार शून्य रुपये, शून्य पैसे.

त्याच शब्दात आता दर रविवारी
मी गुडघाभर उभा असतो, विळा घेऊन.

"आप्पा, बेशरम अशी नसती कापायची,"
आसराबाई ओरडते डोंगीतून.
"बुडाला धरा. हां. आता वढा.
अन् पाण्यात टाकू नका बगा,
कांडकं जिथं पडंल तिथं बिऱ्हाड करती ती."
तिच्या जाळ्यात पाच वर्षं झाली,
मासळी कमी, जलपर्णी जास्त.
मुनीर पंक्चरवाला फाटक्या ट्यूबचे
हातमोजे शिवून आणतो सगळ्यांना.
माझा डावा जरा घट्टच होतो.

मी त्यांना सांगितलेलं नाही
की वस्तीवरचं बेशरमीचं पहिलं कुंपण
माझ्या वडिलांनी रोवलं होतं.
जनावर तोंड लावत नाही, फुकट येते, म्हणाले.
आईला फुलं आवडायची.
संध्याकाळी ओट्यावर बसून
ती त्या फिक्या जांभळ्याकडे बघत राहायची,
आणि खरं सांगायचं तर
उपटताना अजूनही एखादं फूल
मी जरा वेळ हातात धरतो.

लावली ती झाडं इथलीच : वाळुंज, शेरणी, करंज.
चाळीस लावली.
शेळ्यांनी खाल्ली, उन्हानं नेली, दोन कुणीतरी सरपणाला.
अकरा आहेत.
कडूबा रोज मोजतो,
जणू रात्रीतून बारा होतील.

चैत्रात पाणी खाली गेलं, खड्यांचं बेट वर आलं,
आणि नदी सुरय बसली त्यावर.
घरटं म्हणजे काय, नुसता खळगा.
अंडी खड्यांच्या रंगाची.
कडूबानं मुनीरच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधून
काठ्या रोवल्या भोवती.

त्याच आठवड्यात रामकिसन गाढे
टरबुजासाठी ट्रॅक्टर घेऊन उतरला.
"कुणाच्या बापाची जमीन ही?"
सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आयुष्यभर ज्या शब्दाचा मला
कधी कुणाला उपयोग सांगता आला नाही,
तो मी उच्चारला.
"तुझा पट्टा त्या बाभळीपाशी संपतो, रामकिसन.
हा पोटखराबा. माझ्याच हातची नोंद."

"मंग खराबच तर हाय.
कुठंयत तुमची अंडी?"
तो उतरून चार पावलं पुढं आला,
आणि कडूबानं झेप घेऊन
त्याचा पाय घोट्यात धरला.
टाचेखाली वीतभरावर तीन होती.

रामकिसन बराच वेळ वाकून बघत राहिला.
मग चपला काढल्या, हातात घेतल्या,
आलेल्या पावलांवर पाय ठेवत मागं गेला
आणि ट्रॅक्टर त्याच चाकोरीतून रिव्हर्स घेतला,
शिव्या देत, पण हळू.

दोन अंडी पुढं कुत्र्यांनी खाल्ली.
तिसऱ्याचं काय झालं, ठाऊक नाही.
कडूबा म्हणतो, उडालं.
त्याला विचारू नये.

सातबाऱ्यावर एक रकाना असतो, इतर अधिकार.
बोजा, कूळ, विहिरीतला हिस्सा, असलं काही त्यात येतं.
रात्री झोप नाही आली की
मी त्या रकान्यापुढे टाक घेऊन बसतो, मनातच,
आणि सुरयचं गाव कोणतं लिहावं
इथंच अडतो.

"आप्पा, ते म्होरलं फुटलं बगा पुन्हा,"
डोंगीतून आवाज येतो.
मागच्याच रविवारी उपटलेलं.
दोन पानं, कोवळी, हिरवीगार.
मी डावा हातमोजा चढवतो.