धक्का देऊ नये

दम्मामच्या यार्डात रात्री बारानंतर
वाळू रुळांवरून पाण्यासारखी वाहायची.
पॉइंटच्या जिभा आम्ही फडक्यानं पुसायचो,
मी आणि रोहरीचा गुलनवाज.
त्याची बोली मला अर्धी कळायची, माझी त्याला पाव,
पण हातदिव्याची भाषा एकच:
आडवा हलवला की थांब,
वर-खाली, सावकाश, म्हणजे हळू ये.
आमच्या आज्ज्यांना ती एकाच साहेबानं शिकवलेली.

मालडब्याला आमच्यात वाघीण म्हणतात,
हे सांगितलं तर गुलनवाज दोन दिवस हसत होता.
मग मी त्याला मिरज सांगितली.

तिथं तीन मापांचे रूळ शेजारी शेजारी झोपायचे,
थोरला, मधला आणि शेंडेफळ.
दिवाळी सरली की सर्कशीची स्पेशल यायची.
दारांवर खडूनं लिहिलेलं: हत्ती. हत्ती. भांडी. सिंह.
एका वाघिणीत खरीच वाघीण.
आणि प्रत्येक डब्याला पाटी, धक्का देऊ नये.
एरवी आम्ही डबे नुसते सोडून द्यायचो,
जायचे आपले गडगडत, आदळायचे बफरवर,
त्या आवाजाशिवाय लाइनीतल्या पोरांना झोप नसायची.
त्या रात्री मात्र इंजिन जोडलेलंच.
दस्तगीर मुकादम म्हणायचा,
"बाळंतिणीची खाट उचलतोयस असं समज."
आत हत्ती श्वास सोडायचा,
फळ्यांच्या फटीतून ओल्या गवताची वाफ
माझ्या गालाला लागायची.

तंबूतला खेळ मी कधी बघितलाच नाही. रात्रपाळी.
मैलावरून बँड ऐकू यायचा.
झोपाळ्यावरची बाई सुटली की बँड गप्प,
आणि मी लिव्हर धरून उभा,
कुणीतरी तिचे हात धरेपर्यंत.
बँड पुन्हा वाजला की मग पॉइंट मारायचो.
यामुळं एकदा एक्सप्रेस चार मिनिटं थांबली.
कारणाच्या रकान्यात मुकादमानं धुकं लिहिलं.

दम्माममध्ये शुक्रवारी कॅम्पात व्हिडिओ.
एकच कॅसेट, मध्ये घासलेली.
नायिका रडायला लागली की पडद्यावर मुंग्या.
त्या मुंग्यांतले संवाद आम्ही भरायचो,
ज्यानं त्यानं आपल्या भाषेत, आपल्या मनाचे.
कुणाच्यात ती माहेरी जायची, कुणाच्यात मरायची.
गुलनवाज तिला रेल्वेत चिकटवायचा.

एका रात्री, साल आठवत नाही,
धाकट्याच्या जन्माची तार आली त्याच्या मागं-पुढं,
बंदरावरून एक सपाट वाघीण आली, ताडपत्रीखाली.
वारा सुटला, दोर निसटला
आणि चोवीस घोडे,
दात विचकलेले, पोटातून पितळी दांडा आरपार.
समुद्राकाठी बाग होणार होती म्हणे.
पाटी कसलीच नव्हती.
तरी मी दिवा वर-खाली केला.
इद्रिस इंजिनातून ओरडला,
"अरे, प्लास्टिकचे आहेत!"
मी हलवतच राहिलो.
कपलिंग लागलं तेव्हा
बशीतला चहासुद्धा हिंदकळला नसता.
एकाचा कान तेवढा आधीच तुटलेला होता.
ते बंदरवाल्यांचं काम, आमचं नाही.

आता मी पोराकडं राहतो, याच गावात.
यार्ड हलवलं. गुलनवाजचं पत्र पूर्वी यायचं.
नात मला संध्याकाळी किनाऱ्यावर नेते,
म्हणजे तिला वाटतं ती नेते.
घोडे चारदा तरी रंगवलेत.
निळ्याला कान नाही,
रंगावर रंग बसून ती जागा गुळगुळीत झालीय.
नात नेमकी त्याच्यावर बसली. मी काही सांगितलं नव्हतं.

चक्र वेगात आलं
आणि माझा हात कधी वर गेला कळलं नाही,
रिकामा, वर-खाली, सावकाश.
बटणापाशी सिल्हेटचा एक पोरगा बसलेला.
तो बघत राहिला, मग त्यानं वेग उतरवला.

"आजोबा, थांबवलं का?" नात चिडली.

थांबवलं नाही गं.
थांबायचं असतं तर आडवा हलवला असता.