लाभ

यार्डात हळदीच्या पहिल्या पोत्याला
कुणी 'एक' म्हणत नाही.
'लाभ' म्हणायचं. मग दोन, मग तीन.
मापाड्याच्या घरात पोरंसुद्धा तशीच मोजतात.

बिरदेव सातवीत छत्तीस किलो.
पोत्यांच्या काट्यावर अनवाणी उभा राहायचा,
तळपायाला हळद लागायची.

आधी तालमीत घातला होता. वस्ताद म्हणाले,
पोरगं अंगाला भिडत नाही, लांबूनच हात टाकतंय.
मग सूतगिरणीच्या बंद शेडमध्ये,
फौजेतून आलेल्या मुल्ला सरांकडे.

कवलापुरात पारावर विचारायचे,
कुस्ती सोडून हे काय काढलं?
मी म्हणायचो, मातीत पाठ लागली की संपलं.
इथं दहापर्यंत मोजतात.

साठ किलोत राष्ट्रीय कांस्यपदक.
स्टेशनवर हलगी, गुलाल,
फेटा मोठा होता, सारखा डोळ्यांवर येत होता.
रात्री मी पदक काट्यावर ठेवलं.
काटा हलला नाही.
पोत्यांचा काटा आहे, ग्रॅम त्याला कळत नाहीत,
असं मी सगळ्यांना सांगितलं.

नोकरीची फाईल तीन वर्षं पुण्यात.

मग पांढऱ्या गाडीतून एक माणूस आला.
बनियन काढायचं, डोक्याचं कवच काढायचं,
ग्लोव्ह लहान, फेऱ्या जास्त.
'म्हणजे राखणारं होतं तेवढं काढून घ्यायचं,'
त्याची आई चहा ठेवता ठेवता म्हणाली.
करार इंग्रजीत. सही मराठीत.

माइकवर तो 'सांगलीचा वाघ'.
चार लढती जिंकला: बहिणीची फी, पत्र्याच्या जागी स्लॅब.
पाचवी हरला. सहावी गुणांवर गेली.
पुढं फोन आठ दिवस आधी यायला लागला:
ये, पाच किलो उतरव, समोरचा नवा आहे, चढता आहे.
त्याच्या आधी मला कळलं.
यार्डात असा माल असतो,
शेजारी ठेवला की दुसऱ्याचा भाव चढतो.

बँकॉकची लढत आम्ही गाळ्यात बघितली,
पोत्याला मोबाईल टेकवून, सात-आठ हमाल.
तिसऱ्या फेरीत पडला.
पंचांची बोटं... चार, पाच, सहा,
आणि नेट अडकलं.
पडद्यावर ते गोल फिरत राहिलं.
पुढं मोजायला म्हणून मी तोंड उघडलं
तर सात येईना.
'लाभ,' मी म्हणालो.
रजाकनं माझ्याकडे बघितलं नाही.
चित्र आलं तेव्हा बनियनची जाहिरात चालू होती.

मिरजेला उतरला तेव्हा मी एकटाच.
डावा डोळा जांभळा, कडेनं पिवळा.

सकाळी यार्डात आला, बुटांसकट काट्यावर उभा राहिला.
चौसष्ट, मी म्हणालो. मग विचारलंच,
दहा झाले होते का रे?
'नऊला उठलो होतो, आबा.
त्यांनी डोळ्यांत बघितलं आणि थांबवलं.'

मागे गाड्या लागल्या होत्या, ड्रायव्हर हॉर्न देत होते.
मी त्याला उतर म्हणालो नाही.