शून्याची माया

संध्याकाळचे सात. तोर्सहाव्नच्या धक्क्यावर
धुकं इतकं खाली आलंय की डोलकाठ्या तेवढ्या दिसतात,
बोटी नाहीतच.
मार्युन पडद्यावरची लाल ओळ पुन्हा वाचते:
सोळा गुणिले त्रेचाळीस हजार दोनशे चौसष्ट,
पन्नास हजार एकशे शहात्तर गुणिले एकशे अठ्ठावीस,
यांचा गुणाकार होत नाही.

होत नाही. एवढंच.
यंत्र कारण देत नाही,
दाराची उंची सांगतं आणि आत येणाऱ्याची.

सकाळचं भांडण वेगळं होतं.
खड्यांचे फोटो करडे, एकाच रंगाचे,
आणि पहिल्या थराला हवे होते तीन.
ते मिटलं. मग एकटा फोटो आत जाईना,
त्याला म्हणे घोळका हवा, एकाचा का होईना.
तेही मिटलं.

खडे म्हणजे कॉडच्या कानातले.
मासा जगतो तितकी कडी त्यांच्यावर चढत जातात:
उन्हाळ्याचं रुंद, हिवाळ्याचं केसाएवढं.
हानुस चौतीस वर्षं ती मोजत आलाय,
खडा मधोमध मोडून, ज्योतीवर जरासा भाजून,
ओठ न हलवता.
वसंतात तो निवृत्त होईल,
त्याआधी त्याची नजर या जाळ्यात उतरवायची आहे.
'जाळं' म्हटल्यावर तो हसला होता.
त्याच्या बापाच्या जाळ्यांतून निदान पाणी तरी जायचं.

मार्युन प्रत्येक थरापाशी एक ओळ घालते:
बाहेर पडताना माप सांगून जा.
दोनशे चोवीस शिरले, निघाले दोनशे बावीस.
अर्धे केले, एकशे अकरा.
मग एकशे नऊ.
एकशे नऊचे अर्धे चोपन्न,
आणि बाकी एक?
बाकी कुणी विचारलीच नाही.
शेवटची रांग न सांगता गळाली.
बावन्न. सव्वीस.
सव्वीस सव्वीसा, गुणिले चौसष्ट: ताळा जुळला.
कागदावर तिने धरले होते अठ्ठावीस.

म्हणजे सोपं आहे. एक आकडा बदलायचा.
बदलते. धावतं.
चूक हळूहळू उतरू लागते, आणि मार्युन
दुपारचा गार बटाटा उभ्याउभ्या खाते.

हानुस टोपी विसरला म्हणून परत येतो.
पडद्यापाशी थांबतो.
"सहा? हा सात वर्षांचा आहे."
पुढचा. "नऊ नाही, दहा."
मग बराच वेळ काही नाही. मग:
"पोरगं गेला हिवाळा विसरतंय."
तो फोटोच्या कडेवर नख ठेवतो.
"शेवटचं कडं इथे असतं. आणि तू फोटो
अगदी खड्याला घासून कापलेत."

तीन बाय तीनची ती चौकट
आपलं मधलं घर काठावर कधी ठेवतच नव्हती.
ठेवलं असतं तर पाय बाहेर गेले असते,
म्हणून प्रत्येक थरात एक पाऊल आत,
आणि प्रत्येक थरात काठ थोडा कातरलेला.
गुणाकार जुळला होता. मासा जुळला नव्हता.

शिंपी बेतताना मापाबाहेर जे कापड सोडतो
त्याला आपल्याकडे माया म्हणतात.
मार्युनच्या बोलीत काय म्हणतात मला माहीत नाही.
तिने चारी बाजूंनी शून्यांची एकेक ओळ लावली,
जिच्यात काहीच नव्हतं,
फक्त काठाला उभं राहायला जागा.
दोनशे चोवीस शिरले, दोनशे चोवीस निघाले.
एकशे बारा. छप्पन्न. अठ्ठावीस.
जुना आकडा तिने परत आपल्या जागी ठेवला.

रात्री दहाला पहिला मासा सात निघाला.
दुसऱ्याला यंत्र म्हणालं, अकरा.
"दहा," हानुस म्हणाला.
मग मोडलेला खडा त्याने दिव्याखाली धरला,
कलता केला, पुन्हा सरळ.
"थांब," म्हणाला,
आणि कोट न काढताच खाली बसला.