डावा पीळ

वरुड रोड. संत्र्याच्या पेट्यांआड
बॉनेट उघडं, डिसेंबर,
दोन सीटांची जुनी लाल गाडी :
हिटर लावला की गारच फुंकते.

इंजिन तापू दिलं.
दोन्ही नळ्या धरल्या मुठीत,
एक चटका देणारी,
दुसरी बेडकाच्या पोटासारखी.
‘पाणी फिरूनच नाही राहिलं, डॉक्टरसाहेब.’

टॉर्च दातांत धरून
पार आत, वॉल्व्हपाशी पोचलो
तर तो मिटलेला, वर तारेनं आवळलेला.
तारेला डावा पीळ.

डावखुरे वहाबचाचा.
कुण्या मे महिन्यात, सत्तेचाळीस डिग्रीत
हसले असतील, ‘हिटर काहून पाह्यजे बापा इथं?’

पकड लावली, जरा थांबलो.
मग उलगडलं.

तार खिशात टाकली.
दुसरी नळी
हळूहळू तापत गेली.