खिडकीचे गाल

खिडक्या बसवणारे आले, एका दिवसात बसवून गेले.
"बाहेरचं आमच्याकडे येत नाही," म्हणाला त्यांचा मुकादम,
आणि फटींत फुगवलेला फेस तसाच उघडा टाकून
गाडी वळवली सिल्वा नदीच्या पुलाकडे.
त्याला तीन उन्हाळे झाले.
फेस आधी पिवळा, मग करपलेल्या पावाच्या कडेसारखा.
चिमण्या त्याचे लचके तोडून नेऊ लागल्या;
माझ्या घराची ऊब, चोचीचोचीनं,
समोरच्या बर्चवर.

यंदा पेन्शनमधून पत्रा आणला.
चॉकलेटी, मागून पांढरा, अर्धा मिलिमीटर.
सत्तावीस वर्षं कारखान्यात क्रेन चालवली,
दहा टनांचं ओतीव सुटं केसाच्या अंतरावर टेकवलं,
हा कागदाएवढा पत्रा काय माझं ऐकणार नाही?

नाही ऐकलं त्यानं.

शेजारचा तीखोन साव्विच स्टूल घेऊन आला.
जन्मभर पत्रेकाम केलेला: पन्हळी, धुराडी, चर्चचा एक घुमट.
आता हात थरथरतात, म्हणून हात खिशात
आणि नुसती जीभ कामाला.
"प्रत्येक खिडकीचं माप वेगळं घे, अग्निया.
घर सत्तर वर्षं एका कुशीवर झोपलंय,
त्याला काटकोन कुठून उरणार?"
खरंच. डावा गाल साडेसतरा, उजवा एकोणीस.
गुण्या टेकवला तर फटीतून बोट आरपार.

उरलेल्या वॉलपेपरचे नमुने कापले.
निळ्या फुलांवर उतरला घराचा सगळा वाकडेपणा.
मागे पेन्सिलीनं लिहिलं: स्वयंपाकघर, डावा.
पत्र्याच्या पांढऱ्या अंगावरही तेच.

दोन लोखंडी अँगल, मधे पत्रा, शिकंजे कसलेले,
हातात लाकडी हातोडी.
"एकदम वाकवू नकोस," तीखोन म्हणाला,
"या टोकापासून त्या टोकापर्यंत, थोडं थोडं,
वाईट बातमी सांगतात तसं.
आणि एकदाच दुमड. उलगडून पुन्हा दुमडलंस
की रंग तडकतो. तुला दिसत नाही, गंजाला दिसतं."

संध्याकाळी तुकडा उचलून खिडकीशी नेला.
डाव्याचा उजवा झाला होता.
चॉकलेटी बाजू भिंतीला, पांढरी जगाला.
तीखोन हसला.
एप्रिलमध्ये क्लावदियाला पुरल्यापासून
आमच्या गल्लीनं त्याला हसताना पाहिलं नव्हतं.
हसता हसता उठला, हात खिशाबाहेर,
"हा मला दे," म्हणाला,
आणि पत्रा काखोटीला मारून चालता झाला.

मग चार दिवस फिरकला नाही.
मी एकटीच कापत, वाकवत, बोटं चिरून घेत राहिले.
खालची पट्टी उतारावर बसवली,
कारण पाणी आगंतुकासारखं असतं,
बसायला पाट दिला की मुक्काम ठोकतं.
सिलिकॉनवरून ओलं बोट फिरवलं.
मधे बटाटे काढून झाले, बर्च पिवळा झाला,
पक्षी गेले ते गेलेच.

ऑक्टोबरात आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला गेले.
परतताना क्लावदियाच्या लाकडी क्रूसापाशी थबकले.
वर इवलंसं दुपाखी छप्पर, चॉकलेटी.
दुमड नागमोडी गेलेली,
एके जागी हातोडी घसरल्याचा पोचा,
पण कडेला पाणी गळायचा ओठ मात्र नेमका काढलेला.
वाकून आतून पाहिलं.
पांढऱ्यावर माझंच अक्षर:
स्वयंपाकघर, डावा.

त्याला काही बोलले नाही.

पत्रा अर्थातच तेवढाच कमी पडला.
बर्फ आलं. सगळ्या खिडक्यांवरून निसटून खाली गेलं,
स्वयंपाकघराच्या डाव्या गालावर तेवढं साचलं.
तिथं मी जुन्या कोटाची बाही कोंबली आहे.
तीखोन चहाला येतो, तिकडे बघतो, बशी थरथरते.
"मे महिन्यात लावून टाकू," म्हणतो.
मी म्हणते, लावू.
माप मात्र या वेळी तू घे.