चौथा नट

पाळी सुटून तास झाला. लेथ मशीन गार पडलंय.
जॉब कार्डाच्या पाठीवर सहा बाय सहाची चौकट,
तिच्यात गंगोत्रीनं सोडलेले तीन किडे,
पत्र्याचे, बॅटरीवरचे, बिनडोळ्यांचे.
टिकटिकीला एक घर. सरळ जायचं,
आडवं काही आलं की उजवीकडे वळायचं.
एवढंच येतं त्यांना.

"चार घरांत कायमचे फिरव, बाबा.
नट तीनच मिळतील."

मधोमध मांडून बघितले, दहा नंबरचे, तेलकट.
तीन वळणं जमतात, चौथ्याला
पहिला निसटतो, त्याच्यामागून दुसरा,
भोंगा झाल्यावरच्या पोरांसारखे.

बसवण्णी झाडू टेकवून आला.
"काय करूलास गा?"
मग बोटानंच किडा चालवू लागला,
"बलक्के... बलक्के..."
मी म्हणत होतो, उजवीकडे.
किडा दोघांचंही ऐकत होता.

त्याचं बोट वरच्या रेघेला लागलं
आणि थांबलं.

रेघ! कडेची. जिच्यापासून इतका वेळ
मी दोन घरं लांब राहिलो,
कारण तिच्यापुढं चौकट संपते.

वरच्या ओळीतून तिघं एकामागं एक आले,
वळले, वळले, वळले,
रेघेला नाक लावलं,
पुन्हा वळले.
कुणी थांबलं नाही. सुटलंही नाही कुणी.

नट डब्यात टाकले. हात पुसले.
उद्यमबागेत दिवे लागले होते.
गेटातून घर उजवीकडे.
मी डावीकडे वळलो,
चहाला.